साथीच्या काळात कर्करोगाचा उपचार: घरातून करायची तयारी, पायरीपायरीने

कर्करोगाचा उपचार चालू असताना बाहेर साथ पसरली, की घरात दोन भीती एकाच वेळी मुक्कामाला येतात. उपचाराला गेलो तर संसर्ग गाठेल ही एक, आणि नाही गेलो तर गाठ वाढेल ही दुसरी. पहिली भीती नेहमी मोठी वाटते, कारण तिचे आकडे रोज बातम्यांत येतात. दुसरीचे आकडे कुणी वाचून दाखवत नाही. २०२० साली कोविड-१९ची साथ पसरली तेव्हा अनेक रुग्णांनी ठरलेली केमोची सायकल, म्हणजे औषधाची फेरी, स्वतःहून चुकवली, तपासण्या लांबवल्या आणि ताप अंगावर काढला. या सगळ्यात सर्वांत महाग पडते ती गोष्ट म्हणजे घरच्या घरी, कुणालाही न विचारता, ‘साथ ओसरेपर्यंत थांबू’ असे ठरवून टाकणे. काही उपचार थांबवता येतात आणि काही अजिबात येत नाहीत. कोणता कशात मोडतो, हे आजाराचा प्रकार, टप्पा आणि तुमचे रक्ताचे अहवाल पाहून तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कर्करोगतज्ज्ञच सांगू शकतात. त्यांना काय विचारायचे, घरात काय तयार ठेवायचे आणि कोणत्या क्षणी जराही वाट पाहायची नाही, हे पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: आपला धोका नेमका कशामुळे आहे ते समजून घ्या

कर्करोग झालेल्या प्रत्येकाची प्रतिकारशक्ती सारखीच खालावलेली असते, असे नाही. पाच वर्षांपूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया होऊन आता रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी घेणारी स्त्री आणि गेल्या आठवड्यात केमो झालेला लिम्फोमाचा रुग्ण यांना एकाच मापाने मोजता येत नाही. टॅमॉक्सिफेनसारख्या, संप्रेरकांना रोखणाऱ्या गोळ्यांनी संसर्गाशी लढणाऱ्या पेशी सहसा घटत नाहीत. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा या रक्ताच्या कर्करोगांत मात्र आजार स्वतःच त्या पेशींमध्ये असतो, त्यामुळे तिथे धोका सर्वांत जास्त. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेणारे, आणि फुप्फुसाचा कर्करोग असलेले किंवा छातीवर रेडिएशन घेतलेले रुग्णही याच गटात येतात. रिटुक्सिमॅबसारखे औषध घेतलेल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी शेवटच्या डोसानंतर सहा महिने किंवा त्याहूनही जास्त काळ जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात. माणूस हिंडताफिरता असतो, चेहऱ्यावर तजेला असतो आणि तरीही आतली फळी मोडलेली असते. त्यात वय, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा धूम्रपान यांची भर पडली, तर धोका आणखी वाढतो.

केमो चालू असेल तर रक्ताच्या अहवालातील एक हिशेब स्वतः करायला शिकावे. एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्याला न्यूट्रोफिलच्या, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, टक्केवारीने गुणून शंभराने भागले, की न्यूट्रोफिलची खरी संख्या मिळते. समजा, एकूण पेशी १,८०० आहेत. आकडा कमी आहे, पण अगदीच वाईट नाही असे वाटते. त्याच अहवालात दोन ओळी खाली न्यूट्रोफिल २० टक्के लिहिलेले असतील, तर खरी संख्या भरते ३६०. ही संख्या १,५०० च्या खाली गेली की संसर्गाचा धोका वाढू लागतो आणि ५०० च्या खाली गेली की तो गंभीर मानतात. वरवर पाहता ठीकठाक वाटणारा अहवाल प्रत्यक्षात धोक्याचा असू शकतो, तो असा.

ही घसरण बहुतेक केमोंमध्ये साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान तळ गाठते आणि मग संख्या हळूहळू सावरते. औषधानुसार हे दिवस बदलतात, म्हणून ‘माझ्या केमोत पेशी कोणत्या दिवशी सर्वांत कमी असतील?’ हा प्रश्न थेट विचारा आणि ते दिवस कॅलेंडरवर रंगवून ठेवा. पाहुणे, बाहेरची कामे, दाताची तपासणी, सगळे या रंगवलेल्या चौकटींच्या बाहेर बसवता येते.

दुसरी पायरी: उपचाराचे वेळापत्रक डॉक्टरांसोबत नव्याने मांडा

साथ सुरू झाल्याचे कळताच, पुढच्या तारखेची वाट न पाहता, फोनवरून किंवा व्हिडिओवरून एक स्वतंत्र भेट मागून घ्यावी. या भेटीचा विषय एकच: काय थांबू शकते, काय बदलू शकते आणि काय ठरल्याप्रमाणेच व्हायला हवे.

जे थांबू शकत नाही, ते आधी पाहू. तीव्र ल्युकेमिया, वेगाने वाढणारे लिम्फोमा आणि वृषणाचे काही कर्करोग यांत उपचारांनी आजार पूर्ण बरा होण्याची शक्यता मोठी असते आणि ती वेळेवर अवलंबून असते. इथे साथ हे थांबण्याचे कारण ठरत नाही. डोके-मान आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एकदा रेडिएशन सुरू झाले, की मध्ये खंड पडू देऊ नये, कारण मधल्या दिवसांत उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. गर्भाशयमुखाच्या बाबतीत तर बाहेरून आणि आतून दिले जाणारे सगळे रेडिएशन मिळून आठ आठवड्यांच्या आत संपवावे, असा दंडक आहे. शस्त्रक्रियेबद्दल २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असे दिसले, की ठरलेली शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली तर मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. हा वाढलेला भाग मूळ धोक्याच्या तुलनेत मोजलेला आहे, म्हणजे शंभरातले सहा-आठ जण जास्त दगावतात असा त्याचा अर्थ नाही. पण लांबणीवर टाकणे फुकटचे नसते, एवढे त्यातून स्पष्ट होते.

आता जे थांबू शकते ते. कमी धोक्याचा प्रोस्टेटचा कर्करोग आणि लक्षणे नसलेला दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया यांत एरवीही अनेकदा नुसती देखरेख ठेवली जाते. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेची तारीख मिळत नसेल, तर तोवर संप्रेरकांना रोखणारी गोळी सुरू करून आजार आटोक्यात ठेवता येतो. प्रोस्टेटमध्येही संप्रेरक दाबणाऱ्या इंजेक्शनांचा असाच उपयोग होतो.

या दोन टोकांच्या मध्ये बदलाला खूप वाव असतो आणि नेमके इथेच विचारल्याचा फायदा होतो, कारण गर्दीने वाकलेल्या रुग्णालयात सगळे पर्याय कुणी आपणहून मांडेलच असे नाही. पुढील प्रश्न कागदावर लिहूनच भेटीला बसा.

रेडिएशन कमी दिवसांत संपवता येईल का? स्तनाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगात तीन आठवड्यांत १५ वेळा द्यायचे रेडिएशन एका आठवड्यात ५ वेळा दिले, तरी परिणाम तितकाच चांगला राहतो, हे २०२० साली जाहीर झालेल्या चाचणीतून दिसले आहे. पंधरा फेऱ्यांऐवजी पाच, म्हणजे दहा वेळा प्रतीक्षागृहात बसणे वाचले.

इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध लढायला लावणाऱ्या औषधांचे, अंतर वाढवता येईल का? पेम्ब्रोलिझुमॅब तीन आठवड्यांऐवजी दुप्पट मात्रेत सहा आठवड्यांनी देता येते आणि निवोलुमॅब चार आठवड्यांनी.

हाडांसाठीचे झोलेड्रोनिक ॲसिड दर महिन्याऐवजी बारा आठवड्यांनी घेतले तर चालेल का? अनेकांना चालते.

शिरेतून द्यायचे औषध गोळीच्या किंवा त्वचेखालच्या इंजेक्शनच्या रूपात मिळते का? पांढऱ्या पेशी वाढवणारे फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम एरवी ज्यांना देत नाहीत, अशांनाही साथीच्या काळात द्यावे का? पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली नळी जोडलेली डबी, असेल तर तो धुण्यासाठी किती आठवड्यांनी यावे लागेल, आणि ते काम रक्ततपासणीच्याच दिवशी उरकता येईल का?

प्रत्येक उत्तरापुढे तारीख लिहा. ‘नंतर बघू’ हे उत्तर मिळाले तर ‘नंतर म्हणजे कोणत्या तारखेला?’ असे विचारायला संकोच करू नये. तारीख नसलेली चालढकल बहुतेक वेळा विसरली जाते, हे रुग्णालयाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. गर्दीत असे होतेच.

तिसरी पायरी: एक कागद आणि एक पिशवी

नेहमीची फाइल जाडजूड असते आणि रात्री अडीच वाजता तिच्यातून काही सापडत नाही. म्हणून एका कागदाच्या एकाच बाजूवर, ठळक अक्षरांत, एवढे लिहून दाराजवळ लावावे: रुग्णाचे नाव व वय, कर्करोगाचा प्रकार व टप्पा, चालू औषधांची नावे व मात्रा, शेवटच्या केमोची तारीख, ॲलर्जी, रक्तगट, पोर्ट किंवा पिक लाइन (दंडातून शिरेत घातलेली नळी) आहे का, ऑन्कॉलॉजिस्टचे नाव, दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन वेगळे दूरध्वनी क्रमांक, आणि रुग्णाला बोलता आले नाही तर निर्णय कुणी घ्यायचा. शेवटची ओळ लिहिताना हात अडखळतो, तरीही ती लिहावी. साथीत अनेकदा नातेवाइकांना आत सोडत नाहीत आणि मग हा कागदच रुग्णाची बाजू मांडतो. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या आणि प्रत्येक केमोनंतर तारीख बदला.

पिशवीत शेवटचे रक्ताचे व स्कॅनचे अहवाल, दोन दिवसांची औषधे, मोबाइलचा चार्जर, चष्मा, मास्क आणि डिजिटल थर्मामीटर ठेवावेत. नेहमीच्या गोळ्यांचा साठा निदान तीन-चार आठवडे पुरेल इतका असावा. मॉर्फिनसारखी वेदनाशामके आणि स्टेरॉइड यांचा साठा संपत येण्याआधीच चिठ्ठी मागून घ्या, कारण ही औषधे अचानक बंद झाली तर शरीर ते सहन करत नाही.

चौथी पायरी: ताप, म्हणजे तासाभराचा हिशेब

सगळ्या लेखातून एकच पायरी लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी.

केमो घेणाऱ्या माणसाला १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस ताप आला, तर तो तातडीचा प्रसंग समजायचा. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतूंचा संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. पू धरणे, सूज, कफ ही नेहमीची चिन्हे उमटायलाही पेशी लागतात आणि त्याच नसतात, म्हणून पुष्कळदा ताप ही एकमेव खूण असते. अशा रुग्णाला रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक मिळावे, असा वैद्यकीय संकेत आहे.

साथीच्या काळात इथे घोळ होतो. रात्री दोन वाजता रुग्णाला थंडी वाजते, थर्मामीटरवर १००.८ दिसते आणि घरातले म्हणतात, ‘साथीचाच ताप असेल, उगाच रुग्णालयात नेऊन आणखी काही जडायला नको, आत्ता पॅरासिटामॉल देऊ, सकाळी बघू.’ सकाळी ताप उतरलेला असतो, कारण गोळीने तो उतरवलेला असतो. संसर्ग मात्र रात्रभर वाढलेला असतो. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी ताप मोजा, मग आकडा आणि वेळ लिहा, मग रात्रीच्या क्रमांकावर फोन करा आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच पॅरासिटामॉल द्या. कुणी फोन उचलला नाही तर सरळ तातडीच्या विभागात जा. ताप गुदद्वारातून कधीही मोजू नये, कारण तिथली नाजूक त्वचा फाटली तर तोच संसर्गाचा मार्ग होतो.

फोनवर पहिले वाक्य नेमके असावे: ‘रुग्णाला अमुक कर्करोग आहे, शेवटची केमो नऊ दिवसांपूर्वी झाली, आत्ता ताप १००.८ आहे आणि थंडी वाजते आहे.’ तातडीच्या विभागाच्या दारातही हेच वाक्य सर्वांत आधी म्हणायचे. तिथे साथीच्या रांगेत उभे केले जाण्याची शक्यता असते. साथीची चाचणी जरूर होऊ द्या, पण तिच्या अहवालासाठी अँटिबायोटिक अडकून राहू नये, एवढा आग्रह नम्रपणे आणि ठामपणे धरा.

स्टेरॉइड घेणाऱ्यांना गंभीर संसर्गातही ताप येईलच असे नाही. त्यांच्या बाबतीत हुडहुडी, अचानक आलेला गळाठा, बरळणे, छातीत धडधड किंवा लघवी कमी होणे हेच तापाच्या जागी धरावे. पोर्ट धुतल्यानंतर थोड्याच वेळात थंडी भरली, तर नळीतच संसर्ग असण्याचा संभव असतो.

तापाव्यतिरिक्तही काही लक्षणांना साथ संपेपर्यंतची मुदत नसते: पाठीत नव्याने उठलेली कळ आणि त्यासोबत पायांतली शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, एकाच पायाची पोटरी सुजणे, चेहरा व मान फुगणे, न थांबणारा रक्तस्राव, आणि इम्युनोथेरपी चालू असताना वारंवार होणारे जुलाब. यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दाखवावे.

पाचवी पायरी: रुग्णालयात जाण्याचा दिवस

आदल्या दिवशी फोन करून वेळ, प्रवेशद्वार आणि साथीची चाचणी लागेल का हे विचारून घ्या. रक्ततपासणी आदल्या दिवशी घराजवळ किंवा घरीच होत असेल तर मुख्य दिवसाचे दोन-तीन तास वाचतात. सोबत एकच माणूस असावा, शक्यतो प्रत्येक वेळी तोच. मास्क चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ किंवा त्याच दर्जाचा असावा. नाकाजवळ फट राहिली तर चांगल्या मास्कचाही उपयोग बराच कमी होतो. हात साबणाने वीस सेकंद धुवावेत किंवा किमान ६० टक्के अल्कोहोल असलेले सॅनिटायझर वापरावे. श्वासातून पसरणाऱ्या साथीत बंद खोलीतली हवा सर्वांत जास्त घातक ठरते, त्यामुळे प्रतीक्षागृह गच्च भरलेले असेल तर नाव नोंदवून बाहेर मोकळ्यावर थांबण्याची परवानगी मागावी आणि वाहनाच्या काचा उघड्या ठेवाव्यात. घरी आणलेली प्रत्येक वस्तू धुवून-पुसून दमण्यापेक्षा खिडक्या उघडण्याकडे लक्ष दिलेले बरे.

सहावी पायरी: लस कधी, कोणती आणि कोणत्या हातावर

साथीची लस उपलब्ध झाली की पहिला प्रश्न ‘घ्यावी का?’ असा असतो. मेलेल्या विषाणूची, प्रथिनांची किंवा एम-आरएनएची लस कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांना चालते. जिवंत विषाणूची लस प्रतिकारशक्ती खालावलेली असताना टाळतात. खरा प्रश्न वेळेचा असतो. केमो अजून सुरू व्हायची असेल तर शक्यतो तिच्या दोन आठवडे आधी लस झालेली बरी. चालू असेल तर सायकलमधली वेळ डॉक्टर ठरवतील. रिटुक्सिमॅबनंतर सहा महिन्यांच्या आत घेतलेल्या लसीतून प्रतिपिंडे फारशी तयार होत नाहीत, पण साथ शिगेला असेल तर एवढे थांबण्यापेक्षा घेतलेली बरी, असाही निर्णय होऊ शकतो. प्रत्यारोपणानंतर आधीच्या लसींचे संरक्षण बहुधा पुसले जाते आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा घ्याव्या लागतात.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी काढल्या असतील तर लस दुसऱ्या हातावर किंवा मांडीवर घ्यावी. लसीनंतर काही आठवडे त्या बाजूच्या काखेत ग्रंथी सुजू शकतात आणि मॅमोग्राफीत किंवा पेट स्कॅनमध्ये त्या दिसून विनाकारण धास्ती बसते. स्कॅनच्या आधी लसीची तारीख आणि हात दोन्ही सांगितले, की हा घोर टळतो.

रुग्णाच्या शरीरात लस अर्धवट काम करते असे गृहीत धरून घरातल्या इतर सर्वांनी ती वेळेवर घ्यावी. रुग्णाभोवतीचे खरे कुंपण तेच असते.

सातवी पायरी: संसर्ग झालाच तर

चाचणी होकारार्थी आली, की त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टना कळवा. विषाणूविरोधी औषधे लवकर सुरू झाली तरच उपयोगी पडतात. कोविड-१९ मध्ये निर्माट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर लक्षणे दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावे लागते. मात्र यातील रिटोनाव्हिर यकृतातील औषधे मोडणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराला (एन्झाइमला) अडवते, त्यामुळे व्हेनेटोक्लॅक्स, इब्रुटिनिब यांसारख्या कर्करोगाच्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. दुसऱ्या डॉक्टरांनी औषध लिहून दिले असेल तर घेण्याआधी तो दारावरचा कागद त्यांना दाखवा. कर्करोगाच्या गोळ्या थांबवायच्या की चालू ठेवायच्या, हेही स्वतः ठरवू नका.

दिवसातून तीन-चार वेळा ताप, नाडी आणि ऑक्सिजनची पातळी लिहून ठेवा. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम आणि नखपॉलिशविना असावे; सावळ्या त्वचेवर हे यंत्र पातळी काहीशी जास्त दाखवते, म्हणून आकडा सीमारेषेवर असेल तर धाप आणि थकवा यांवर जास्त विश्वास ठेवा. पातळी ९४ च्या खाली आली तर लगेच कळवावे. इम्युनोथेरपी किंवा छातीवर रेडिएशन घेतलेल्यांना खोकला व दम औषधाच्या दुष्परिणामामुळेही लागू शकतो. चाचणी नकारार्थी असून दम वाढत असेल तर हा मुद्दा आवर्जून काढा, कारण त्याचा उपचार वेगळा असतो.

प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाच्या शरीरातून विषाणू नेहमीपेक्षा जास्त काळ, कधी कधी वीस दिवसांहूनही अधिक, बाहेर पडत राहतो. वेगळे राहण्याची मुदत त्यामुळे शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नये. शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर कोविडनंतर ती शक्यतो सात आठवड्यांनी करावी, असा सल्ला २०२१ पासून दिला गेला. पण गाठ थांबण्यासारखी नसेल तर डॉक्टर त्याआधीही करतात.

आठवी पायरी: घरातली माणसे

काळजी घेणारा माणूस आजारी पडला तर काय, याचे उत्तर आधीच ठरलेले असावे. दुसऱ्या एका व्यक्तीला औषधांच्या वेळा, ड्रेसिंग आणि रात्रीचा क्रमांक शिकवून ठेवा. घरात कुणाला सर्दी-खोकला झाला, तर त्याने वेगळ्या खोलीत झोपावे आणि सर्वांनी मास्क लावावेत. खोली एकच असेल तर खिडकी उघडी, अंतर जास्तीत जास्त आणि रुग्णाचे अंथरूण खिडकीच्या बाजूला. केमोच्या गोळ्या दुसऱ्याने हाताळायच्या असतील तर हातमोजे घालावेत, आणि गरोदर स्त्रीने त्या हाताळू नयेत.

रुग्णाला महिनोन् महिने एका खोलीत ठेवणे ही काळजी वाटते, पण त्यातून स्नायू झिजतात, भूक मरते आणि मन खचते. रंगवलेल्या दिवसांव्यतिरिक्त मोकळ्या हवेत, गर्दी नसलेल्या वेळी चालणे बहुतेकांना शक्य असते आणि ते चालू ठेवावे. झोप उडणे, खाणे सुटणे किंवा ‘आता उपचार नकोतच’ असे बोलणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तेही वजन घटल्याइतक्याच गांभीर्याने डॉक्टरांना सांगावे.

साथीची लाट ओसरू लागली की पुढे ढकललेल्या गोष्टींची यादी काढा: राहिलेले स्कॅन, ट्यूमर मार्कर (आजाराचा माग काढणाऱ्या रक्ततपासण्या), हृदयाची टू-डी इको, दाताची कामे, घरातील इतरांच्या नियमित तपासण्या. सगळ्यांनाच त्या वेळी जाग येत असल्याने रांगा लांबतात. स्कॅनची तारीख मिळायला सहसा डॉक्टरांच्या तारखेपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून आधी स्कॅनची तारीख घ्यावी आणि अहवाल हातात पडेल असा अंदाज धरून मग डॉक्टरांची.